कुसुम सिस्टर आणि मंगळावरची ड्यूटी

मोबाईलवर लढाईचा खेळ सुरू करण्याआधी कोपरापर्यंत साबणाने हात धुणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? मी रोज पाहते. कारण कुसुम सिस्टर आमच्या शेजारी राहतात, त्यांचं बेसिन अंगणात आहे आणि माझी खिडकी त्या अंगणावर उघडते. दुपारचे तीन वाजले की त्या नळ सोडतात, बोटांच्या बेचक्यांतून साबण फिरवतात आणि हात वर धरूनच घरात जातात, जणू आत टेबलावर पेशंट झोपवून ठेवलाय. पाच मिनिटांनी आतून बंदुकांचे आवाज यायला लागतात. त्या धडधडाटातून मग सिस्टरांचा आवाज येतो, "हलायचं न्हाई! मी आले!"

चौतीस वर्षं त्या आरोग्य खात्यात नर्स होत्या. आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांतल्या किती उपकेंद्रांवर त्या राहिल्या हे त्यांनाही बोटांवर मोजल्याशिवाय सांगता येत नाही. लग्न केलं नाही. "येळच न्हाई मिळाला," असं त्या म्हणतात, एसटी चुकल्यासारखं. रिटायर झाल्यावर आमच्या कळंबला दोन खोल्यांचं घर बांधून राहिल्या. भाऊ गावातच आहे. त्याची मुलगी प्रज्ञा बंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत असते. आत्या फोनवर "जेवलीस का, बरी हायेस का, ठेवते" एवढ्यात आटपते, म्हणून या प्रज्ञानेच एका दिवाळीत त्यांना मोठा टॅब आणून दिला आणि हा खेळ शिकवला. "खेळताना तरी तासभर बोलशील माझ्याशी," असं तिचं म्हणणं.

खेळ चौघांनी मिळून खेळायचा. शत्रू समोरून येतात, आपण गोळ्या झाडायच्या. आपल्यातला कुणी पडला की दुसऱ्याने जाऊन त्याला औषध देऊन उठवायचं. बाकीचे लोक यातला पहिला भाग खेळतात. कुसुम सिस्टर फक्त दुसरा खेळतात. दोन वर्षांत त्यांनी एकही गोळी झाडलेली नाही. मी एकदा कारण विचारलं.

"सकाळी वंदना घ्यायची, पंचशील म्हणायचं, अन् दुपारी तीन वाजता माणसं मारायची? मला न्हाई जमत मॅडम. अन् मारायला बाकीचे हायेत की. उचलायला कोण हाय?"

एकदा कुणी परप्रांतीय पोरगा चुकून त्यांच्या टोळीत आला. तो ओरडत होता, "आंटी, गोली मारो! गोली!" सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "कौनसी गोली? जेवण के पहले की, बाद की?" तो पोरगा खेळ सोडून गेला.

प्रज्ञा सोडून टोळीत आणखी दोघं. एक बेल्ह्याचा गणेश. याची पिकअप गाडी आहे, बाजाराला जनावरं ने-आण करतो आणि गाडी रिकामी होईपर्यंत स्टेअरिंगवर पाय टाकून खेळतो. नेमबाज असा, की त्याला कधी कुणी पाडलं नाही. दुसरी निमगाव साव्याची वैशाली. तिचं ब्युटी पार्लर आहे. गिऱ्हाइकाच्या तोंडाला लेप लावला की तो वाळेपर्यंत वैशाली लढते. या दोघांना सिस्टर प्रत्यक्षात जेमतेम एकदा भेटल्या असतील, पण गणेशचा बीपी आणि वैशालीचं हिमोग्लोबिन त्यांना पाठ आहे. ऐन गोळीबारात विचारतात, "वैशाली, लोहाच्या गोळ्या चालू हायेत का बंद केल्या? खरं सांग, न्हाईतर उचलणार न्हाई."

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग मंगळ आला.

म्हणजे बातमी आली. याच कंपनीचा नवा खेळ येणार होता. पुढच्या काळातला, मंगळ ग्रहावरचा. यंत्रमानव, उडत्या गाड्या, उजेडाच्या बंदुका. नाव इंग्रजीत लांबलचक होतं. सिस्टरांनी त्याचा 'मंगळ' केला. जाहिरातीची फीत निघाली तेव्हा ती समजावून सांगायला त्यांनी मला बोलावलं, कारण मी हायस्कूलला सकाळच्या पाळीत इंग्रजी शिकवते. यंत्रमानव काय पुटपुटतात ते मलाही कळलं नाही, पण शिक्षकाला तसं कबूल करता येत नाही. मी म्हटलं, "ते म्हणतायत, सावध राहा." सिस्टरांनी मान डोलावली.

त्या दिवसापासून टोळीत दोन पक्ष पडले. गणेश मंगळावर फिदा. "सिस्टर, त्या यंत्राची चाल बघितली का? पाय कसा टाकतंय! आन् खांदा? असा खांदा मी बेल्ह्याच्या बाजारात उभ्या जन्मात बघितला न्हाई राव!" वैशालीचं तोंड वाकडं. "रंग बघा ना सगळा. जमीन तांबडी, आभाळ तांबडं, माणसंबी तांबडी. फाउंडेशनचा शेड चुकल्यावानी दिसतंय." गणेश म्हणायचा, मंगळ तांबडाच असतो. वैशाली म्हणायची, असला म्हणून काय झालं, दाखवायची काही रीत? प्रज्ञा हसायची आणि म्हणायची की पहिल्या आठवड्यात सर्व्हर कोसळणार, बाकी काही नाही. आमच्या घरातही एक मत होतं. आमचे हे पेपर खाली न करता म्हणाले, "साठी उलटलेल्या बाईनं मंगळावर जाऊन गोळीबार करायचा म्हणजे कमाल आहे."

"त्या गोळीबार करत नाहीत," मी म्हटलं.

"मग तिकडे जाऊन करतात काय?"

पुढे हाच प्रश्न खरा अवघड निघाला.

मधेच कंपनीने तारीख पुढे नेली. सिस्टर अंगणातून मला ओरडून म्हणाल्या, "मॅडम, मंगळ पुढं ढकलला!" हे समोरच्या काकूंनी ऐकलं. त्यांच्या मुलीच्या पत्रिकेत मंगळ, त्यापायी दोन स्थळं परत गेलेली. काकू हातातलं सूप तसंच घेऊन आल्या. "कुणाकडनं ढकलून घेतला? आमच्या पोरीचाबी ढकलायचाय!" सिस्टर हसून हसून ओट्यावर बसल्या. "काकू, आमच्यात पत्रिका बघतच न्हाईत ओ. ह्यो मोबाईलमधला मंगळ हाय." काकूंचा काही विश्वास बसला नाही. खरा पत्ता लपवला असं त्या अजून समजतात.

मग दुसरी बातमी आली आणि सिस्टरांचं हसू गेलं. नव्या खेळात पडलेल्या माणसाला उचलायचंच नव्हतं. तो पडला की निळा उजेड होऊन नाहीसा होणार, आणि तळावरच्या यंत्रातून तसाच दुसरा बाहेर येणार. खेळ वेगवान होतो म्हणे. गणेश खूश. सिस्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

"म्हंजे जखमीला बघायचंच न्हाई? टाकून द्यायचा अन् नवा काढायचा?"

"तसंच दिसतंय."

"मग तिथं माझी ड्यूटी काय?"

त्यांनी तासाभराने कागद-पेन आणून माझ्यापुढे ठेवलं. कंपनीला अर्ज करायचा होता. त्या सांगत गेल्या, मी आधी मराठीत घेत गेले. "विषय लिहा. मंगळ ग्रहावरील जखमींस उचलण्याची सोय करणेबाबत. माननीय साहेब, वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, पडलेला प्रत्येक माणूस मेलेला नसतो..." शेवटी 'आपली विश्वासू' आणि खाली सेवानिवृत्त वगैरे. मी सगळ्याचं इंग्रजी केलं आणि पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं. तुमच्या अभिप्रायाबद्दल आभार, आम्हीही तुमच्याइतकेच उत्सुक आहोत. ते यंत्राने लिहिलेलं होतं हे उघड होतं. सिस्टरांनी मात्र समाधानाने मान हलवली. "आवक झाली म्हणायची. आता साहेबाच्या टेबलावर जाईल. येळ लागतोच."

साहेबाच्या टेबलावरून काही आलं नाही. खेळ यायच्या आदल्या आठवड्यात कंपनीने तो दोन दिवस सगळ्यांना खेळून बघायला मोकळा ठेवला. शनिवारी दुपारी चौघांची वेळ ठरली. मला खास बोलावणं होतं, इंग्रजीसाठी. मी चहा घेऊनच गेले.

मंगळ खरंच सुंदर होता. गणेश तर पहिल्या मिनिटातच उडत्या गाडीत चढून "हर्र हर्र" करत सुटला आणि गाडीसकट कड्यावर आपटला. त्याला पडलेलं सिस्टर पहिल्यांदाच पाहत होत्या. त्या धावल्या. खडक ओलांडून, वाकून, आडोशा-आडोशाने. पोचल्या तर तिथे निळा उजेड आणि नंतर नुसती तांबडी जमीन.

"गणेश? कुठं हायेस?"

"मी तळावर आलोय सिस्टर! नवा कोरा! काळजी करू नका!"

मग वैशाली पडली. सिस्टर पुन्हा धावल्या, पुन्हा काही नाही. प्रज्ञा पडली. तेच. त्यानंतर त्या धावायच्या थांबल्या. एका खडकाशी उभ्या राहिल्या. पाठीवर बंदूक होती, ती त्यांनी काढली नाही. "आत्या, समोर बघ, मार त्याला," असं प्रज्ञा म्हणाली, तर त्या खडकाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या. बाकीचे आरडाओरडा करत होते, हसत होते. वैशालीसुद्धा तांबडा रंग विसरली होती. पाऊण तास झाला आणि त्या पाऊण तासात सिस्टरांना कुणी हाक मारली नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

खेळ संपल्यावर त्यांनी टॅब उशीवर ठेवला. चहावर साय धरली होती.

"मॅडम, ह्यात मी नुसती चालले," त्या म्हणाल्या.

मी उगाच काहीतरी बोलले. पहिलाच दिवस आहे, सवय होईल. त्यांनी ऐकलं नाही बहुतेक. चमच्याने साय बाजूला करत म्हणाल्या, "रिटायर झाले ना, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, मी अजून उपकेंद्राच्या गावातच व्हते, तवा एक जीप दारात थांबली व्हती. आत बाळंतीण, शेजारी तिची सासू. ड्रायव्हरनं हाक मारली, सिस्टर! मी उठलेच. पिशवी घेतली, चप्पल घातली. बाहेर आले तर तो म्हणतो, नव्या सिस्टरांची खोली कुठंशी हाय? मी हात करून दावली. बरोबरच व्हतं त्याचं. पर चप्पल पायात घातलेली व्हती ना मी. ती काढायला लई येळ लागला बघा."

एवढं सांगून त्या हसल्या. मला हसता आलं नाही. चौतीस वर्षं ज्या बाईचं दार कुठल्याही प्रहरी वाजत होतं, तिला दुपारी तीन वाजता मोबाईलमधून का होईना, कुणीतरी हाक मारत होतं. आणि आम्ही आपले खिडकीतून हात धुण्याला हसत होतो.

त्याच संध्याकाळी त्यांनी टोळीला कळवून टाकलं. तुमी मंगळावर जावा, मजा करा. मला तिथली हवा मानवायची न्हाई. गणेशने खूप आग्रह केला. वैशाली म्हणाली, मग मीबी जात न्हाई. सिस्टरांनी तिला दटावलं. "गप जा. लोहाच्या गोळ्या तेवढ्या तिकडंबी चालू ठेव."

मंगळ आला त्या दिवशी रविवार होता. तीन वाजता मी थालीपीठ घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, एकट्या असतील, तेवढाच वेळ जाईल. त्या जुनाच खेळ उघडून बसल्या होत्या. अनोळखी तिघांची टोळी मिळाली होती आणि ते तिघं न बोलता खेळत होते. सिस्टर त्यांच्या मागे मागे फिरत होत्या. एवढ्यात टिंग वाजलं. गणेश आला होता.

"काय रे? गेला न्हाईस का मंगळावर?"

"नेट न्हाई ओ सिस्टर तिकडं," गणेश म्हणाला. त्याचा आवाज एवढा स्वच्छ येत होता की मागे बैलाच्या गळ्यातली घुंगरंसुद्धा ऐकू येत होती.

दोन मिनिटांनी वैशाली आली. तिला मंगळाचा रंग डोळ्यांना खुपला म्हणे. मग प्रज्ञा. तिच्या फोनमध्ये नवा खेळ घ्यायला जागा नव्हती. बंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी आणि फोनमध्ये जागा नाही! मी तोंडावर हात ठेवला. सिस्टर म्हणाल्या, "बरं बरं, चला मग," आणि ती अनोळखी टोळी सोडून चौघं निघाले.

तिसऱ्या मिनिटाला गणेश पडला. ज्याला जुन्या खेळात कधी कुणी पाडलं नव्हतं, तो उघड्या मैदानात पडला. "सिस्टर! ओ सिस्टर! लागलं राव मला!" सिस्टर धावल्या, उठवलं. पाच मिनिटांनी परत पडला. मग एका गोदामाच्या छपरावरून खाली आला. आसपास शत्रूचा पत्ता नव्हता. पुन्हा हाक आली, आधीपेक्षा मोठी.

सिस्टरांनी टॅबच्या कडेवर, आवाज जातो त्या भोकावर, अंगठा दाबला आणि माझ्याकडे वळल्या.

"मुद्दाम पडतंय मेलं. छपराच्या कडंला उभं राहून उडी टाकली त्यानं. मला दिसलं न्हाई व्हय?"

"मग त्याला सांगत का नाही?"

"कशाला? वाटू द्या त्याला, मला कळत न्हाई म्हणून." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "त्यालाबी कुणाला तरी उचलावंसं वाटत असंल की."

मग त्यांनी अंगठा काढला, गणेशला खच्चून चार शिव्या घातल्या आणि गोदामाकडे धावत सुटल्या.