चार किलोंची घाई

जेवणाच्या टेबलावर, बायको बसायची त्या जागी, घड्याळजींनी जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यावर नऊ किलोंचं लोखंडी चाक ठेवलं. बायको घरात असती तर ते चाक फाटकातूनच माघारी गेलं असतं. पण मुलीच्या बाळंतपणासाठी ती गेली त्याला अकरा आठवडे झाले होते. रिकाम्या खुर्चीकडे बघत जेवण्यापेक्षा समोर काहीतरी असलेलं बरं, असं घड्याळजींना वाटू लागलं होतं.

चाक त्यांच्या जुन्या, दोनच माणसांच्या स्पोर्ट्स कारमधलं होतं. फ्लायव्हील म्हणतात त्याला. इंजिनाच्या मागच्या टोकाला हे जडशीळ चाक फिरत असतं, म्हणून एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत इंजिन दम धरतं. लग्न झालं तेव्हा ही गाडी अशी उसळायची, की शेजारी बसलेली बायको त्यांचा दंड घट्ट धरायची. जायच्या आदल्या दिवशी ते तिला फिरवून आणत होते, तेव्हा ती सहज म्हणाली, "अहो, हीसुद्धा आता आपल्यासारखीच झाली. उठायला वेळ लावते."

तिने बोलून टाकलं आणि ती विसरूनही गेली. घड्याळजी मात्र ते वाक्य अकरा आठवडे उराशी धरून बसले. ती परत येईल तेव्हा गाडी उसळली पाहिजे आणि तिने दंड धरला पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं.

जन्मभर घड्याळं दुरुस्त करत चिमट्याने चाकं उचलणाऱ्या या माणसाचा एकच सिद्धांत होता: हलकं ते चपळ. दुसऱ्या दिवशी ते फ्लायव्हील पिशवीत घालून लेथवर लोखंड कापणाऱ्या टर्नरकडे गेले.

"कडेचं दीड किलो काढतो," टर्नर म्हणाला.

"एवढंच?"

"हे मनगटी घड्याळ नाही, साहेब. जास्त कापलं तर इंजिन उठेल झटकन, पण मरेलही झटकन."

"तुम्ही कापा हो!"

टर्नर कापायचा, काट्यावर ठेवायचा, आणि घड्याळजी म्हणायचे, "अजून थोडं." लेथखाली लोखंडाच्या किसाचा ढीग साचला. चार किलो गेल्यावर टर्नरने यंत्रच बंद केलं. "आता पुढे हात लावला तर बांगडी उरेल," तो म्हणाला. मग त्यानेच चाक तोलून गाडीत बसवून दिलं.

पायाचा नुसता स्पर्श झाला आणि इंजिन असं गरजलं, की घड्याळजींच्या डोळ्यांत पाणी आलं. पाय उचलताच ते गप्प झालं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा गप्प. दुपारपर्यंत त्यांना उमगलं, की ही गाडी आता उड्या मारू शकते, मरू शकते, पण उभी राहू शकत नाही.

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"कधी येतेस?"

"बघते. अजून पंधरा दिवस तरी. तुमचं काही अडत नाही ना?"

"छे! सावकाश ये. इथे मजेत आहे सगळं."

त्यांनी फोन ठेवला. पंधरा दिवस! मग त्यांनी ठरवलं, की उद्या रविवार आहे, आपणच जाऊन तिला घेऊन यायचं. न कळवता.

सकाळी निघाले. पहिल्याच चढावर सिग्नल लागला आणि इंजिन बंद पडलं. सुरू केलं, क्लच सोडला, बंद. तिसऱ्यांदाही तेच. मागे ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती. तिच्यातून शिक्षक उतरला, आणि त्याच्यामागून एक जाडजूड शिकाऊ बाई.

"काका, नवीन आहात का?"

"चाळीस वर्षं चालवतोय!"

"मग सवयच चुकीची लागलीय." शिक्षक बाईंकडे वळला. "बघा, क्लच असा सोडायचा नसतो. काका, परत एकदा करून दाखवा."

घड्याळजींनी दातओठ खात गाडी सुरू केली. ती पुन्हा मेली.

"वा! आता कसं स्पष्ट दिसलं," बाई म्हणाल्या. मग दोघांनी मिळून ढकललं.

आता मुलीच्या दारापर्यंत थांबायचं म्हणून नाही, अशी घड्याळजींनी शपथच घेतली. एका अरुंद पुलापाशी समोरून येणारी बस बाजूला थांबली होती. तिच्या खिडकीतून कोणीतरी हात हलवत ओरडत होतं. गाडीचं कौतुक करणारे असतात एकेक! घड्याळजींनी रुबाबात दोनदा हॉर्न वाजवला आणि बाणासारखे निघून गेले.

मुलीच्या दारात खांद्यावर बाळ घेऊन जावई उभा होता.

"बाबा? तुम्ही इकडे कसे? आई तर सकाळच्या बसने घरी गेल्या! तुम्हाला चकित करायचं म्हणत होत्या."

घड्याळजी पायरीवरच बसले. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, मी जीव तोडून हाका मारतेय, आणि तुम्ही हॉर्न वाजवून निघून जाता?"

"अगं, थांबलो असतो तर परत निघालोच नसतो."

"नसता निघालात तर काय बिघडलं असतं? मी होते ना तिथे!"

घड्याळजींनी विचारलं, "तू तर पंधरा दिवस म्हणाली होतीस."

"तुम्ही तरी मजेत आहे म्हणाला होतात." तिचा आवाज जरा ओला झाला. "इथे चहाचा एकच कप विसळून ठेवलेला बघितला... बरं, ते राहू द्या. आता हलू नका तिथून. मी उद्या सकाळी येते."

"बरं."

बरं म्हणाले खरे. पण नातीला मांडीवर घेतलं तरी लक्ष लागेना. जेवण झालं, गाडी जावयाच्या अंगणात सोडली आणि दुपारची पहिली बस धरली.

चारच्या सुमाराला ते आपल्या गावच्या बसस्टँडवर उतरले. समोरच्या फलाटावर सुटायच्या बसच्या पायरीवर एक पाय ठेवून बायको उभी होती. हातात तीच सकाळची बॅग.

"हलू नका म्हटलं होतं ना?" ती म्हणाली.

"तू उद्या येणार होतीस ना?"

"बाई, यायचंय का तुम्हाला?" कंडक्टरने विचारलं. तिने पाय खाली घेतला. बस निघून गेली तरी दोघं बाकावर बसून होते. बॅग आधी दोघांच्या मध्ये होती. मग तिनेच ती उचलून पलीकडे ठेवली.

"आणि गाडी?"

"तिकडेच."

"म्हणजे आणायला परत जावं लागणार."

"जाईन की पुढच्या रविवारी."

"एकटे जायचं नाही," ती म्हणाली आणि तिने त्यांचा दंड धरला.