पाचव्या अध्यायापर्यंत

मोरोपंतांचं उपरणं आणि कुसुमावतींचा पदर यांची गाठ बांधून उमाशंकर गुरुजींनी सत्यनारायणाचे चार अध्याय वाचले, आणि पाचव्याच्या तोंडावर त्यांचा फोन वाजला. पीपलरावां गावात एका घरी वास्तुशांतीचा मुहूर्त टळत होता. "दोन-अडीच तासांत आलोच. तोवर गाठ सोडू नका, पूजा मोडेल," असं बजावून ते मोटारसायकलवर बसले.

देवासच्या त्या घरात नवराबायकोचा आठ दिवस अबोला होता. मंडळाच्या सत्काराला शाल कमी पडली, तेव्हा मोरोपंतांनी बायकोची बाग गावच्या ठसेछपाईची नवी कोरी ओढणी पाहुण्यांच्या खांद्यावर घातली होती. आता कुसुमावती तीनच्या बसने धारला, बहिणीकडे निघाल्या होत्या. परत कधी, ते काही सांगितलं नव्हतं. मोरोपंतांना त्यांना थांबवायचं होतं, पण तोंड उघडत नव्हतं.

दूध उतू जाऊ लागलं तशी दोघं स्वयंपाकघरात धावली. फोन वाजला तशी दोघं माघारी धावली. हे पाण्याला उठले की पदर ताणायचा; त्या घड्याळ बघायला उठल्या की यांचा गळा आवळायचा.

"देवा, सांग यांना, माणसानं एका जागी बसावं," कुसुमावती चौरंगाकडे बघून म्हणाल्या.

"देवा, मी बसलोच होतो," मोरोपंत म्हणाले.

अडीचला गुरुजींनी कळवलं, गाडी पंक्चर झाली, पाच वाजतील. कुसुमावतींनी बॅग उचलली. बॅगेमागोमाग मोरोपंतही दारापर्यंत ओढले गेले. दारात शेजारची अल्पना प्रसादाला आलेली. सगळं ऐकून ती हसली.

"बस, इतनी सी बात? काका, उपरणं उतरवून काकूंना देऊन टाका ना. गाठ तर जशीच्या तशी राहील."

ही युक्ती मोरोपंतांना दूध उतू गेलं तेव्हाच सुचली होती, आणि त्यांनी ती मुकाट्याने गिळली होती. त्यांनी उपरणं दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

कुसुमावतींनी बॅग खाली ठेवली.

"अल्पना, पूजेतलं तुला काय कळतं गं? पाचला ये प्रसादाला."

दार लोटून त्या पाटावर येऊन बसल्या, आणि देवाला मध्ये न घेता म्हणाल्या, "सरका इकडे. मला ही युक्ती दुधाच्याही आधी सुचली होती."