पिवळ्या टिकलीचं पुस्तक

ग्वेन हॅलवर्सनला बेचाळीस पुस्तकं निवडायला तीन महिने लागले होते. ती विकली जायला शनिवारची एक सकाळ पुरली.

नॉर्डबीच्या वाचनालयात मुलांचा विभाग ग्वेनकडे होता. निवडीसाठी आलेलं पुस्तक ती नुसतं चाळत नसे, मांडीवर बोटांनी ठेका धरून मोठ्याने वाचत असे. नुकतं वाचू लागलेल्या मुलाचं बोट ओळीखालून कसं सरकतं ते तिला ठाऊक होतं, साखरेचा कण घेऊन भिंतीवरून निघालेल्या मुंगीसारखं. मध्ये एखादा आडमुठा शब्द आला की मुंगी थबकते, मिशा हलवते आणि कधी कधी कण तिथेच टाकून माघारी फिरते. म्हणून ठेका चुकला की पुस्तक बाद. शेवटचं पान मिटल्यावर ‘परत’ म्हणावंसं वाटलं नाही, तरी बाद.

जी उरली त्यांच्या पाठीवर तिने रंगीत टिकल्या चिकटवल्या. पिवळी म्हणजे सोपं, हात धरून चालणाऱ्यांसाठी. हिरवी म्हणजे हात सोडून दोन पावलं. लाल म्हणजे धावत सुटा. मे महिन्यात पहिलीचा वर्ग वाचनालय बघायला आला तेव्हा तिने हे मुलांना नीट समजावून सांगितलं होतं. जूनच्या पहिल्या सोमवारी उन्हाळी वाचन सुरू व्हायचं होतं, आणि तिच्या हाताखालचा हा पहिलाच उन्हाळा होता.

त्या वर्गात ओपल ज्युर्गन्स होती. ओपलला वाचता येतं की नाही, हे वर्षभरात कुणालाच कळलं नव्हतं, कारण पुस्तक समोर आलं की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. ऑगस्टपर्यंत कुणासमोर तरी एक पान मोठ्याने वाचलं नाही, तर बाईसाहेब पुन्हा पहिलीत बसणार होत्या. ग्वेनने तिला कोपऱ्यात गाठलं.

“सुट्टीत एक पुस्तक नेशील?”

ओपलने विचार केला. “ससा नसेल तर.”

“सशाने काय केलं गं तुझं?”

“सगळ्यात ससाच असतो, मिस ग्वेन. त्याला आधी वाईट वाटतं, मग बरं वाटतं. मी काय करू त्याचं?”

त्या आठवड्यात फळ्या धुंडाळताना ग्वेनच्या लक्षात आलं की पोरीचं खरं आहे. अंधाराला भिणारा ससा, मोजा हरवलेला ससा, धाकटी बहीण झाली म्हणून रुसलेला ससा. शाळेला जाणारा, आणि शाळेला न जाणारा. शेवटी एका संध्याकाळी तिला ‘बादलीत बेडूक’ सापडलं. एकसष्ट शब्द. तिने एकेक शब्द तपासला, ससा कुठेही नव्हता. पिवळी टिकली लावून तिने ओपलला निरोप धाडला: तुझं पुस्तक मिळालं, सोमवारी ये.

शुक्रवारी मुलांच्या खोलीतल्या लाकडी जमिनीला मेण लावायचं निघालं. ग्वेनने निवडलेल्या पुस्तकांची तिन्ही खोकी उचलून तळघराच्या जिन्याशी ठेवली. शनिवारी ती दात काढायला शेजारच्या गावी गेली, आणि त्याच शनिवारी तळघरात जुन्या पुस्तकांची वार्षिक विक्री होती.

विक्री अर्डिस टॉलेफसन बघायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, कमरेला बटव्यांचा पट्टा. अंगणातली असो की चर्चमधली, नॉर्डबीतल्या प्रत्येक जुन्या-पान्या वस्तूंच्या विक्रीत चाळीस वर्षं त्यांचाच कायदा चालत आला होता: पिवळी टिकली पाव डॉलर, हिरवी अर्धा, लाल पूर्ण. गावातलं शेंबडं पोरही टिकली बघून खिशात हात घालायचं.

दुपारी ग्वेन परतली तेव्हा तिचा डावा गाल बधिर होता आणि जिन्याची कड रिकामी होती.

“खोकी...” ती म्हणाली. निदान तिला तसं म्हणायचं होतं.

“तासाभरात साफ,” अर्डिस खुशीत म्हणाल्या. “लहान मुलांची पुस्तकं इतकी कधीच गेली नव्हती. आणि टिकल्या किती सरळ लावल्यास गं. मी म्हटलं, चला, नवी पोरगी आपल्यात मुरली एकदाची.”

ग्वेनने खुर्ची ओढली. नॉर्डबीत माणसाला तोंडावर चुकलात म्हणायची रीत नाही. तिने बऱ्या बाजूच्या ओठांनी शब्द जुळवला.

“हे जरा... वेगळं झालं, अर्डिस.”

अर्डिसबाईंचा चेहरा उतरला. नॉर्डबीत यापेक्षा कडक शब्द नाही. एका नव्या पाद्रीबुवांच्या प्रवचनाला कुणीतरी ‘वेगळं’ म्हटलं होतं, तर वर्षाच्या आत त्यांनी बदली मागून घेतली होती.

“वेगळं म्हणजे किती वेगळं?”

ग्वेनने सांगितलं. अर्डिसनी बटव्यांचा पट्टा सोडला आणि गाडीच्या किल्ल्या घेतल्या. “बस गाडीत. कुणी काय नेलं ते माझ्या ध्यानात आहे.”

ध्यानात होतंच. पण अर्डिसची गाडी बैलगाडीच्या चालीने जायची, आणि नॉर्डबीत कुणाच्या दारात जाऊन एकदम कामाचं बोलता येत नाही. विल्मा ओस्बीबाईंनी नातवंडांसाठी अकरा पुस्तकं नेली होती. त्यांनी दार उघडलं आणि कॉफी विचारली. अर्डिस म्हणाल्या, नको, आत्ताच झाली. विल्मा म्हणाल्या, अर्धा कप. अर्डिस म्हणाल्या, तुम्हाला उगाच त्रास. विल्मा म्हणाल्या, केलेलीच आहे. मग अर्डिस म्हणाल्या, बरं, तुम्ही घेणारच असाल तर. ग्वेनने बधिर तोंडामुळे पहिल्यालाच मान हलवली, तेव्हा दोघी क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. कॉफीबरोबर खोबऱ्याच्या वड्या आल्या. गुडघ्यांची चौकशी झाली, हवेचं बोलून झालं. पाऊण तासाने अर्डिसनी खिडकीबाहेर बघत विषय काढला.

“ती सकाळची पुस्तकं, विल्मा. तुम्हाला त्यांची अडचण होत असेल तर...”

“अडचण कसली.”

“नाही, होत असेल तर.”

“ओ,” विल्मा म्हणाल्या आणि लगेच उठल्या. त्यांनी अकराच्या अकरा पुस्तकं आणली, वर स्वतःची चार घातली, आणि परसातल्या आंबट रुबार्बच्या देठांची एक मोळी ग्वेनच्या मांडीवर ठेवली. नको म्हणायचं तिच्या तोंडाला जमलं नाही.

अशी पाच घरं झाली. संध्याकाळी गाडीच्या मागच्या सीटवर ग्वेनची एकतीस पुस्तकं आणि एका लग्नाला पुरेल इतका रुबार्ब होता. ‘बादलीत बेडूक’ मात्र मिळालं नव्हतं.

“लहान, हिरव्या कव्हरचं?” अर्डिस थबकल्या. “ते ऑर्विलने नेलं. आठ-नऊ नेली त्याने, दुकानात गिऱ्हाईकांना बसल्या बसल्या बघायला.”

ऑर्विल न्हाव्याच्या दुकानात दोन म्हातारे शेतकरी गुडघ्यावर टोप्या ठेवून बसले होते. एकाच्या हातात ते हिरवं पुस्तक होतं.

“जरा थांबा, बाई,” ग्वेनने हात पुढे करताच तो म्हणाला. “बेडूक आता बाहेर यायच्या बेतात आहे.”

“येतो का रे?” दुसऱ्याने विचारलं.

“सांगतो.”

“सांगू नकोस. नंबर माझा आहे, मी वाचणार.”

दुसऱ्याचं वाचून होईस्तोवर ग्वेन भिंतीला टेकून उभी राहिली. तो सावकाश वाचत होता, ओठ हलवत, आणि त्याचा जाडजूड पाय ठेका धरत होता. पुस्तक मिटून तो म्हणाला, “परत बघू.” अशा वेळी माणसाच्या हातातून पुस्तक काढून घेणं किती कठीण असतं, ते ग्वेनला त्या दिवशी कळलं.

बेचाळीसपैकी चाळीस मिळाली. दोन पुस्तकं पाहुण्यांबरोबर नेब्रास्काला गेली होती, त्यांना तिने मनोमन निरोप दिला. रविवारी सकाळी ती शांत झोपली. तोवर विल्माबाईंनी फोन फिरवले होते.

त्यांनी फक्त एवढंच सांगितलं होतं की वाचनालयाला मुलांसाठी पुस्तकं कमी पडताहेत, बिचाऱ्या ग्वेनला बोलवतही नव्हतं. कुणीतरी विचारलं, कसली पुस्तकं? विल्मा म्हणाल्या, टिकल्यावाली हवीत, अर्डिस टिकल्यावालीच शोधत होती बाई. नॉर्डबीत असं घर नाही जिथे खणात टिकल्यांची उरलेली गुंडाळी सापडणार नाही. प्रार्थना आटोपून लोक घरी गेले, माळ्यावरून, शेडमधून पुस्तकं काढली, आपापल्या अंदाजाने टिकल्या लावल्या आणि वाचनालयाच्या पायऱ्यांवर आणून रचली. ओपलच्या आजीने तर नवऱ्याच्या शेडमधली अख्खी पेटी आणली, ती तिला कधीपासून घराबाहेर काढायची होती.

सोमवारी ग्वेन पोचली तेव्हा दारात मुलांची रांग लागली होती आणि आत अर्डिस कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“पहाटेपासून आहे मी,” त्या म्हणाल्या. “माझ्यामुळे झालं, मीच निस्तरलं. पायऱ्यांवरची आत घेतली, तुझी चाळीस त्यात मिसळली, आणि रंगाप्रमाणे सगळं लावून टाकलं.”

खोलीभर तीन लांब टेबलं होती. पिवळ्या टेबलावर ‘बादलीत बेडूक’च्या शेजारी ‘कोंबड्यांचे रोग’ होतं, त्याशेजारी अर्धा विश्वकोश, मग ‘मृत्युपत्र कसे करावे’. लाल टेबलावर चार पानांचं कापडी पुस्तक होतं, कडा चघळलेल्या. ते विकत आणताना महाग पडलं असावं.

ग्वेनने तोंड उघडलं. काढलेल्या दाताची जागा दुखत होती.

“कसं वाटतंय?” अर्डिसनी विचारलं. आणि मग जरा हळू, “वेगळं?”

“नाही,” ग्वेन म्हणाली. “छान आहे.”

तिने दार उघडलं आणि मुलं आत घुसत असताना कोंबड्या, मृत्युपत्रं आणि विश्वकोश हाताला लागेल तसे उचलायला सुरुवात केली. हात भरले असतानाच फ्रॉकखाली रबरी बूट घातलेली ओपल समोर येऊन उभी राहिली.

“माझं पुस्तक?”

ग्वेनने सगळा भार खाली ठेवला, हात पुसले आणि ‘बादलीत बेडूक’ दोन्ही हातांनी तिच्या पुढे धरलं. ओपलने ते उघडलं. ती शब्दांकडे बघत नव्हती, चित्रांकडे बघत होती. पहिलं पान, दुसरं, तिसरं. ग्वेनचा श्वास पानांबरोबर उलटत होता. अकराव्या पानावर ओपल थांबली. बादलीच्या मागे, कुंपणापाशी, गवतातून दोन कान वर आले होते.

“ससा,” ओपल म्हणाली.

“अगं, तो गोष्टीत नाहीये. तो नुसता...”

“आहे ना पण. बघतोय.”

तिने पुस्तक मिटलं, ग्वेनच्या हातात परत दिलं, आणि ओठही मिटले. ग्वेनने अकरावं पान पुन्हा उघडलं. तीन महिने तिने एकेक शब्द वेचून बघितला होता, गवत तेवढं बघायचं राहिलं होतं.

ओपल पिवळ्या टेबलाच्या कडेकडेने चालत गेली. टोकाला थांबली. तिथे वीतभर जाड, तेलाच्या डागांनी काळवंडलेलं एक पुस्तक पडलं होतं. तिने ते दोन्ही हातांनी ओढलं, पाठ फिरवून बघितली आणि छातीशी धरून टपाटपा परत आली.

“हे.”

ट्रॅक्टर दुरुस्तीचं पुस्तक होतं. चारशे पानं, बारीक अक्षर. पाठीवर नवी कोरी पिवळी टिकली.

“ओपल, हे जरा...” ग्वेन म्हणाली.

“पिवळं आहे,” ओपल म्हणाली. “पिवळं म्हणजे सोपं. तुम्हीच सांगितलंत.”

ग्वेनची नखं टिकलीच्या कडेपर्यंत गेली. तिने हात मागे घेतला आणि शिक्का उचलला. “एकवीस दिवस ठेवता येईल,” ती म्हणाली आणि तारीख उमटवली.

तेवढ्यात दारातून ओपलचे आजोबा लेस्टर आत आले, कोपरांपर्यंत ग्रीस माखलेले. टोपी काढून ते सगळ्या टेबलांवरून नजर फिरवू लागले.

“माफ करा हं, ग्वेनबाई. आमच्या हिने माझी पेटी इकडे आणून टाकली म्हणे. तिच्यात ट्रॅक्टरचं पुस्तक होतं. इंजिन उघडून बसलोय, गवत कापायचं पडलंय, आणि पुढे काय काढायचं ते... अरे, ते बघा, हिच्याच हातात आहे.”

“ते आता माझं आहे,” ओपल म्हणाली. “शिक्का मारलाय.”

लेस्टरनी ग्वेनकडे बघितलं. ग्वेनने शिक्क्याकडे बघितलं. वाचनालयाचा नियम होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला तो इतका सुंदर वाटत होता.

“एकवीस दिवस,” ती म्हणाली.

“बाळा, मला एकच पान हवंय. एकशे बारा.”

“चष्मा आणलायस?”

लेस्टरनी खिसे चाचपले. चष्मा ट्रॅक्टरवर राहिला होता.

ओपलने सुस्कारा सोडला, अगदी तिच्या आजीसारखा. लहान मुलांची एक खुर्ची तिने आजोबांसाठी ओढली, दुसरीवर स्वतः बसली. लेस्टर बसले, तेव्हा त्यांचे गुडघे कानांपर्यंत आले. ओपलने एकशे बारावं पान शोधलं, तेलाच्या बोटाचे जुने ठसे होतेच तिथे. तिने आपलं बोट ओळीखाली ठेवलं. मुंगी निघाली.

“आ-धी... तेल... सो-डा. मग... का... कार्... कार्-ब्यु...”

अर्डिस मदतीला पुढे वाकल्या. ग्वेनने त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना थांबवलं.

“कार्-ब्यु-रे-टर,” ओपल म्हणाली आणि मान वर केली. “बरोबर?”

“बरोबर,” लेस्टर म्हणाले. मग लगेच म्हणाले, “पण पोरी, जरा भरभर वाच. गवत थांबायचं नाही.”

“मग मध्ये बोलू नकोस,” ओपल म्हणाली आणि पुढच्या ओळीखाली बोट नेलं.