विमलआत्याचा अंदाज

गल्लीत कुणी नवी गाडी घेतली, की लोक पेढे मागतात. आमची विमलआत्या विचारते, "बिघडली तर सुटे भाग कुठं मिळतात?" गाडीवाल्याचा पेढा तोंडातच कडू होतो.

आत्याची सगळी नोकरी दिल्लीत झाली. सरकारी कचेरी, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. निवृत्त होऊन ती तुळजापूरला आमच्याकडं राहायला आली, तेव्हा थोडं उलगडलं. एका परक्या देशाच्या फौजेत खरा दम किती, याचा अंदाज बांधणाऱ्यांपैकी ती एक होती. देश कोणता, ते अजून सांगत नाही.

मला वाटलं, वेषांतर, दुर्बीण, असलं काहीतरी असेल. आत्या म्हणाली, "अरे, मी त्यांची वर्तमानपत्रं वाचायची. संचलनात रणगाडे कुणीही चकचकीत करून आणतं. आपण बघायचं, बुटांची खरेदी वाढली का, प्रवासी गाड्या अचानक रद्द झाल्या का. आणि ताकद वेगळी, इरादा वेगळा. दोन्ही एका वाटीत वाढायचं नाही."

हे शास्त्र तिनं गल्लीतही चालू ठेवलं. लग्नात वरपक्षाचा बँड दणाणला, की ती म्हणायची, "हे झालं संचलन. आचारी कुठंय?"

तिचं खरं लक्ष असायचं शेजारच्या सुमनकाकूंवर. त्यांच्या शेवग्याची फांदी आत्यानं न विचारता छाटली आणि अबोला सुरू झाला. तरी गच्चीवरून टेहळणी चालूच. "पाहुणे आलेत. सतरंज्या उन्हात टाकल्यात, म्हणजे मुक्काम लांबणार."

यंदा दिवाळीनंतर काकूंची दोन्ही मुलं नोकरीसाठी बायकापोरांसह पुण्याला गेली. मग एका सकाळी आत्या गच्चीवरून घाईनं उतरली.

"कालचं लुगडं अजून दोरीवरच आहे. अंगणही झाडलेलं नाही."

मी चेष्टेनं म्हणालो, "मग शत्रू कमजोर झाला की."

"समोरचा अशक्त दिसला म्हणून खूश व्हायचं नसतं," आत्या म्हणाली. "आधी कारण शोधायचं." आणि चपला न घालताच ती निघाली.

काकू तापानं फणफणल्या होत्या. मुलांना फोनवर त्यांनी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं होतं. मी डॉक्टरांना आणलं. आत्या तिथंच राहिली. मऊ भात करून भरवला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या.

ताप उतरल्यावर मी तिला न्यायला गेलो. काकू तिला म्हणत होत्या, "आता जावा घरी. माझ्यापायी लई खोळंबा झाला तुमचा."

आत्या जागची हलली नाही. पदराचं टोक चाळवत म्हणाली, "दिल्लीत दिवसभर काय केलं, हे घरी येऊन कुणाला सांगायची सोय नव्हती. मग लोकांनी विचारायचंच सोडलं. बोलायची सवयच मोडली बघा. थोडं बसू का?"

काकूंनी अंगावरची वाकळ बाजूला सारून खाटेवर जागा केली.

"बसा की," त्या म्हणाल्या. "मला तरी कुठं जायचंय."