सातवा कॉम्प्युटर

मृगाच्या तोंडावर, दुकानात बियाण्यासाठी शेतकरी दाटलेले असताना, महारुद्रनं बिलाचा कॉम्प्युटर चालू केला आणि पडद्यावर त्याचा धाकटा भाऊ हरिओम हात जोडून उभा राहिला. खाली लिहिलं होतं, ‘आपले सहर्ष स्वागत.’

महारुद्र खुर्चीसकट मागं सरकला. तीन वर्षांत हे तोंड त्यानं समोरून पाहिलं नव्हतं. सेलूच्या धान्याच्या मोंढ्याजवळ एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोघं राहत. इकडं महारुद्रचं बी-बियाण्याचं दुकान, तिकडं हरिओमचा टायपिंगचा क्लास, मागं दोघांची घरं आणि मधलं अंगण. पण गंगाखेडच्या एका लग्नातून परतताना हरिओमनं जिलेबी खात बसलेल्या मोठ्या भावाला न घेताच जीप हाणली आणि महारुद्रला चिकट हातांनी एसटी स्टँड गाठावं लागलं. तेव्हापासून बोलणं बंद.

“मालक, हे तर धाकले मालक!” दुकानातला जुना माणूस दत्ता म्हणाला.

“गप. ऐकायलाय तो.”

“फोटू हाय, मालक.”

“फोटू वरून हाय. आत कोण बसलंय, तुला काय ठाव?”

महारुद्रनं बिलं शोधली, ती नव्हती. मालाचा साठा, गिऱ्हाइकांची नावं, सगळं गायब. त्याजागी टायपिंगचे धडे. त्यानं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळाली, कुणीतरी अंधारात चाचपडल्यासारखं झालं आणि पुन्हा हरिओम हात जोडून हजर.

“माझा सगळा माल मोजून नेला यानं,” महारुद्र पुटपुटला, “आन् वर पाया पडायलाय!”

त्यानं कॉम्प्युटरवर रिकामं पोतं टाकलं आणि हातानं लिहून बिलं फाडायला घेतली. पण पोत्याचा काय भरवसा? म्हणून तो गिऱ्हाइकांशी कुजबुजून बोलू लागला.

“सोयाबीनच्या दोन पिशव्या द्या,” जिंतूरकडचा एक शेतकरी म्हणाला.

“हळू बोला.”

“हळू कामून? बियाणं बोगस हाय का?”

“न्हाई हो, लय चांगलं हाय,” महारुद्र त्याच्या कानाशी लागून म्हणाला.

शेतकऱ्यानं पिशवी खाली ठेवली आणि पलीकडचं दुकान गाठलं. त्याच्या मागं रांगेतले आणखी चौघं गेले.

भिंतीच्या पलीकडं हरिओमचीही झोप उडाली होती. त्याच्या क्लासमधल्या सहा कॉम्प्युटरांत माहिती साठवायची डिस्कच नव्हती. कोपऱ्यात एक मोठा कॉम्प्युटर होता. सकाळी बटण दाबलं, की साही जण वायरीवरून त्याच्याकडं मागत आणि तो त्यांना स्वागताच्या फोटोसकट सगळं पुरवी. हरिओमनं ही सोय स्वतः बसवली होती आणि त्याला तिचा अभिमान होता. आता मोठा कॉम्प्युटर सांगत होता, की मागणारे सात आहेत.

हरिओमनं खोलीतले कॉम्प्युटर मोजले. सहाच.

“कुणीतरी आपल्या वायरीवर बसलंय,” तो बायकोला म्हणाला.

“पाल बसली असंल,” प्रियांका म्हणाली आणि लगबगीनं आत गेली.

दुसऱ्या दिवशी महारुद्रनं सापळा लावायचं ठरवलं. पोतं बाजूला केलं, ‘सराव’ नावाचा कप्पा उघडला आणि एका बोटानं टाइप केलं, ‘हरीओम चोर हाये.’

तो कप्पा क्लासच्या साऱ्या कॉम्प्युटरांवर दिसायचा. हरिओमनं तो मजकूर भर क्लासात वाचला. पोरी फिदीफिदी हसल्या. अर्ध्या तासानं महारुद्रला त्याच्या वाक्याखाली उत्तर दिसलं, ‘हरिओममध्ये रि ऱ्हस्व. बाकी मजकूर खोटा. तू कोण?’

‘जीप घेऊन ज्याला सोडून पळालास तो,’ महारुद्रनं लिहिलं.

पलीकडून मग अक्षरं आली, ‘दादा? तुमी माझ्या कॉम्प्युटरात काय करायलाव?’

‘तूच माझ्यात घुसलास!’

‘आन् मी पळालो न्हाई. सगळे बसले का म्हणून इचारलं. वहिनीच म्हणल्या, बसले, हाणा.’

महारुद्रनं ते तीनदा वाचलं. त्याची बायको मंजुषा त्या दिवशी जीपमध्ये पुढंच बसली होती. आणि गेली तीन वर्षं तीच त्याला सांगत होती, “तुमच्या भावाला काळीज न्हाई.”

“दत्ता,” तो म्हणाला, “ह्या कॉम्प्युटरची वायर जाती कुठं?”

“म्या काय बघावं? नेटचं सगळं मालकीणबाई बघतात.”

दोन्ही जावा बाजारात गेल्या होत्या. महारुद्र वायर धरून निघाला. ती खताच्या पोत्यांमागं गेली. दत्तानं पोती ओढली. मागं भिंतीला हाताच्या मुठीएवढं भोक होतं. महारुद्रनं वाकून डोळा लावला. पलीकडून एक डोळा त्याच्याकडं बघत होता.

दोघंही ओरडले.

“दादा, आता कळलं,” भोकातून हरिओमचा आवाज आला. “तुमची डिस्क मेली असंल. कॉम्प्युटरला पोटात काही घावलं न्हाई, की तो वायरीवरून मागत हिंडतो. तुमचा माझ्याकडं आला.”

“मग माझी बिलं तू न्हाई नेली?”

“आईशप्पथ न्हाई. पण ही वायर कुणी घातली?”

महारुद्रनं वायर ओढून पाहिली. भोकात ती हलू नये म्हणून चिंधी कोंबली होती. “ही मंजुषाच्या साडीची किनार हाय.”

“आन् हिकडून चिकटपट्टी माझ्या क्लासची हाय,” हरिओम म्हणाला. “म्हणजे आपण बोलत नव्हतो, तवा ह्या दोघी...”

“हळू बोल,” महारुद्र म्हणाला. “आणखी काय काय गेलं असंल ह्या भोकातून?”

तीन वर्षांचा राग एका घटकेत विरला आणि त्याच्या जागी नवा संशय येऊन बसला. हरिओमनं परभणीहून नवी डिस्क आणली. जुनीतली बिलं निम्मीअर्धी निघाली. दोघांनी ठरवलं, की बायकांचं बिंग हाती लागेपर्यंत त्यांना काही कळू द्यायचं नाही, समेट झाल्याचं तर मुळीच नाही. म्हणून रोज अंगणात उभं राहून ते एकमेकांना मोठमोठ्यानं शिव्या घालू लागले.

मंजुषाला चौथ्याच दिवशी वास आला. ती भोकाशी वाकली.

“प्रियांका, हे दोघं तीन वर्षं तोंड बघत नव्हते. आता रोज ठरल्या येळी भांडायलेत. आन् काल हे भांडून आले ते गाणं म्हणत आले.”

“आमचे बी लय खूश हायेत, ताई. आपुन एकाच नेटवर दोन घरं चालवतो, ते कळलंय वाटतं त्यांना.”

“मग आपुन बी भांडू. म्हणजे आपला मेळ हाय, हे त्यांना पटायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी अंगणात चौघंही उतरले. महारुद्रनं हरिओमचा उद्धार केला, मंजुषानं प्रियांकाचा. हरिओम ओरडता ओरडता दादाला दम लागला म्हणून पाणी देऊन गेला. प्रियांकानं शिव्या देत देत ताईंच्या पदराला लागलेला काटा काढला. गलका ऐकून शेजारच्या सुलाबाई भांडण सोडवायला धावत आल्या. कमरेवर हात ठेवून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“चालू द्या,” त्या शेवटी म्हणाल्या. “हे घर इतकं मिळून मिसळून भांडताना म्या पहिल्यांदाच बघायलेय.”