परबकाकांचा ताणकाटा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत ताणकाट्याला लटकवून लॅपटॉपचं वजन करणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा शेजारी आहे. परबकाका. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांची उभी हयात गेली. आलेला माल तोलल्याशिवाय तिथे सही होत नसे. काका निवृत्त झाले, काटा घरी आला, आणि त्याच्यासोबत "आधी माल, मग सही" हे ब्रीदही आलं.

हल्ली इंटरनेटचं दोन वर्षांचं कंत्राट केलं की सोबत कॉम्प्युटर मिळतो. काकांनी अशा साऱ्या योजना गोळा केल्या. कंपन्यांची माणसं घरी येत. काका त्यांना चहा आणि मालवणी खाजं देत, मग बारीक अक्षरातल्या अटी भिंगातून मोठ्याने वाचून दाखवत. एका सेल्समनला सोळावी अट ठाऊकच नव्हती, बिचारा ती वहीत उतरवून गेला. शेवटी काका प्रत्येकाला एकच विचारत, "फोनचा नंबर तोच राहील ना?" नवीन मिळेल म्हटलं की फाइल बंद.

योजनेतला लॅपटॉप बघायला ते मला मालाडच्या एका दुकानात घेऊन गेले. तिथे त्यांनी पिशवीतून काटा काढला, तेव्हा मी ओळख न दाखवता मिक्सर बघत उभा राहिलो. "खोक्यावर दीड किलो लिवलंय. वीस ग्रॅम गेले खंय?" काकांचा आवाज दुकानभर.

वैतागून मीच सात योजनांचा तक्ता केला. पहिली एकदम झकास: तुफान वेग, नवाकोरा लॅपटॉप. काकांनी तक्ता वाचला, माझी पाठ थोपटली आणि सातव्या योजनेवर सही करून आले. जुन्याच टेलिफोन कंपनीच्या. सोबतच्या कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डावसुद्धा धापा टाकत चालायचा. आणि तो त्यांनी तोललाही नाही!

मी तणतणत त्यांच्याकडे गेलो. "काका, काय बघितलंत यात?"

"घरच्या फोनची जुनी तार काढतायत रे. इंटरनेटचं कंत्राट केलं तरच फोन राहणार होता, आणि हाच नंबर फक्त हेच देत होते."

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला. "जेवलंस काय रे?"

"आता जेवतंय गो ताई. बांगड्याचं तिखलं केलंय."

फोन ठेवून काका म्हणाले, "मालवणची थोरली बहीण. सगळं विसरत चाललीय. माझं नावही कधी कधी सापडत नाही तिला. हा नंबर तेवढा पाठ आहे. मोबाइलचा शिकवून बघितला, राहत नाही."

मला माझ्या तक्त्याची लाज वाटली.

काका भात उतरवायला आत गेले आणि फोन पुन्हा वाजला. "उचल रे," ते आतून ओरडले.

"जेवलंस काय रे?"

"नाही अजून," मी खरं ते सांगून बसलो.

"मग आधी जेव मेल्या! दुपार झाली!"

काका हसत बाहेर आले. त्यांच्या हातात दोन ताटं होती.

"ताईनं सांगितलंय," ते म्हणाले. "बस."