सात सावकाश ठोके

रविवारी सकाळी साडेनऊला कर्नल रितोंगा अंगणातल्या खुर्च्यांची रांग दोरी धरून सरळ करत होते. लेकीला मागणी घालायला पुर्वोरेजोहून पाहुणे निघाले होते. विदाती चौतीस वर्षांची. याआधी दोन स्थळं आली आणि गेली. कर्नलसाहेबांनी मुलांना तीन-तीन तास प्रश्न विचारले होते; दुसरा तर चहा अर्धा टाकून उठला होता. या वेळी बायकोने, सुलास्त्रीने, त्यांना बजावलं होतं, "हे स्थळ हुकलं ना, तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही."

कर्नल मूळचे सुमात्राचे, मनात येईल ते तोंडावर बोलणारे. निवृत्तीनंतर ते जावात, मागेलांगजवळच्या सासुरवाडीच्या गावात येऊन राहिले आणि गावाची सेवा त्यांनी अंगावर ओढून घेतली. गटारं साफ करा, डासांच्या अळ्या शोधा, दर रविवारी शिट्टी आहेच. गावाने हे कधी मागितलं नव्हतं, पण जावात मोठ्या माणसाला 'तुमचं चुकतंय' म्हणायची कुणाची प्राज्ञा? सभेत ते काहीही बोलले तरी सगळे माना डोलवत.

त्याच सभेत त्यांनी आजची योजना मांडली होती. पाहुण्यांची गाडी वळणावर दिसली की गावचा पहारेकरी गियोनोने चौकीतला केंतोंगान, म्हणजे तो टांगलेला पोकळ ओंडका, वाजवायचा. पाहुणे दचकायला नकोत म्हणून सात सावकाश ठोके. ठोके ऐकताच इकडे चहा गाळायला घ्यायचा. गल्लीतल्या सगळ्यांनी मान डोलावली होती.

बरोबर दहाला आवाज आला. ठक्... ठक्... ठक्...

"सातच! वेळेवर!" कर्नल खूश झाले. "चहा!"

पण फाटकातून आधी आत आले ते बांबू आणि ताडपत्री घेतलेले चार बाप्ये. एका शब्दाने न विचारता त्यांनी फुलांची कमान उतरवायला घेतली.

"अरे, अरे! कमानीला हात कुणी लावायला सांगितला?"

"असू द्या साहेब, तुम्ही बसा. आज तुम्ही काही करायचं नाही," त्यातला एक डोळे पुसत म्हणाला.

पाठोपाठ खालच्या वाडीतल्या बायका तांदळाची घमेली घेऊन आल्या. पहिलीने सुलास्त्रीच्या गळ्यात पडून हंबरडाच फोडला. "कशा गं गेल्या म्हातारीबाई? काल तर अंगणात बसल्या होत्या!"

कर्नल घाईने पुढे झाले. म्हातारीबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, गावाच्या एम्बाह कार्सी, म्हणजे कार्सी आजी, वय एक्याण्णव. "अहो, कुणी गेलेलं नाही! त्या आत गाढ झोपल्यात!"

"शांतपणे गेल्या म्हणायच्या," ती बाई हुंदके देत म्हणाली. "पुण्यवान हो."

एवढ्यात मशिदीच्या भोंग्यावरून एम्बाह कार्सींच्या निधनाची वार्ता तीन गावांना ऐकू गेली. कर्नल तरातरा चौकीकडे निघाले, तर गियोनोच समोरून येत होता.

"गियोनो, काय वाजवलंस तू?"

"तुम्ही सांगितलं तेच. सात, सावकाश. मयताचे."

"मयताचे? मग सभेत बोलला का नाहीस?"

"कसं बोलणार साहेब? तुम्ही किती उत्साहात होता. आम्हाला वाटलं, आपली गल्ली समजून घेईल. आवाज खालच्या वाडीत जातो हे डोक्यातच आलं नाही."

कर्नल येईल त्याला 'कुणी गेलेलं नाही' म्हणून परत पाठवू लागले, पण कुणी हलेना. अर्ध्या तासाने पाहुणे आले. भोंगा त्यांनी गाडीत बसल्याबसल्या ऐकला होता आणि काय करावं ते कळेना म्हणून गाडी वळणावरच थांबवून ठेवली होती. मुलाच्या आईने दागिने उतरवून डोक्यावर काळी ओढणी घेतली होती, मागणीची तबकं झाकली होती. मुलगा, प्रास्त्यो, मान खाली घालून उभा. त्याचे थोरले काका पुढे झाले.

"फार वाईट झालं, कर्नलसाहेब. रीत तुम्हाला ठाऊकच आहे. घरात मयत झालं की लग्न वर्षभर पुढे, नाहीतर आत्ताच, मयतासमोर."

"अहो, मयत झालेलंच नाही! चूक झाली, माझी चूक!" आयुष्यात पहिल्यांदा कर्नल हे वाक्य बोलले.

काकांचा चेहरा उजळायला लागला होता, तेवढ्यात गुडघाभर चिखलात माखलेले दोघं फावडी घेऊन आले. "साहेब, कबर खणून झाली. तुमच्या रविवारच्या शिट्टीसाठी सगळे फावडी घेऊन तयारच होते, अर्ध्या तासात उरकलं. जागा सावलीतली धरली."

खणलेली कबर रिकामी ठेवली तर ती त्याच घरातलं माणूस मागते, हे तिथे शेंबडं पोरही जाणतं.

"केळीचा खुंट पुरू, म्हणजे दोष जाईल," गियोनो घाईघाईने म्हणाला.

पण मुलाची आई पांढरीफटक पडली होती. "आज नकोच. पुढच्या वर्षी बघू," म्हणत तिने तबक उचललं. पुढचं वर्ष म्हणजे कधीच नाही, हे कर्नलांना कळलं. दाराशी उभ्या विदातीकडे बघवेना. त्यांना रडूच फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात विदातीमागचा पडदा सरकला आणि एम्बाह कार्सी काठी टेकत बाहेर आल्या. दोन घमेली खाली पडली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि थेट मुलाच्या आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "वर्षभर थांबणार? मी एक्याण्णवची आहे, बाई. वर्षात मी खरंच जाईन, मग आणखी एक वर्ष थांबा. तोवर तुमचा मुलगा म्हातारा होईल. कबर तयार आहे, तांदूळ आलेत, माणसं जमलीत. मी आहे तोवर उरका."

काकांनी विचार केला. हिशेबात चूक सापडेना. प्रास्त्यो पहिल्यांदाच बोलला, "मी तयार आहे." काझी तर मयताच्या प्रार्थनेसाठी केव्हाच येऊन बसले होते. "कागदपत्रं उद्या करू," ते म्हणाले.

मुलाला एकही प्रश्न विचारायच्या आत कर्नल सासरे झाले. दुपारी मयताच्या तांदळाचा भात सगळे लग्नाचा म्हणून जेवले.

निघताना विदाती वडिलांच्या पाया पडली. कर्नलांनी तिला उठवलं. "पोरी, माझ्या मूर्खपणाने तुझा संसार मोडता मोडता वाचला."

"मूर्खपणा कसला, बाबा? कोणते ठोके ठेवू म्हणून तुम्ही मलाच विचारलं होतंत ना?"

"मग?"

"मी आजीच्या हाताखाली वाढले. सात ठोके कशाचे ते मला कळत नसेल? या मुलाचाही चहा अर्धा राहायला नको होता."

विदाती गाडीत बसली, गाडी वळणाआड गेली, तरी कर्नलांचं तोंड मिटलं नव्हतं. शेजारी काठी टेकून उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "आता आत चला, जावईबापू. सकाळपासून झोपेचं सोंग घेऊन माझी पाठ मोडून आलीय."